जुन्या खेळांचा कस

गेल्या दिवाळीच्या सुटीत मिरजेला मामाकडे गेले होते. फराळाच्या धांदलीत मामीला माळ्यावरची मोठी परात हवी होती, आणि घरात सर्वांत रिकामटेकडी मीच असल्यामुळे शिडी चढण्याचे काम माझ्याकडे आले. परात सापडली, पण तिच्यामागे एका पत्र्याच्या ट्रंकेत, जुन्या चादरीत गुंडाळलेला मामाचा व्हिडिओ गेमही सापडला. करड्या प्लास्टिकचा एक हलका डबा, वायरींसह दोन जॉयस्टिक, एक प्लास्टिकची बंदूक आणि दोन पिवळ्या कॅसेटी. ट्रंकेत काय आहे ते ऐकताच खाली उभ्या असलेल्या मामाने हातातली परात जमिनीवर ठेवली आणि तो स्वतःच शिडी चढू लागला. मामाचे वय त्रेचाळीस आहे, हे येथे नमूद करणे इष्ट.

ही वस्तू आजोबांनी १९९५ साली मुंबईहून, लॅमिंग्टन रोडवरून आणली होती. ती अस्सल नव्हे, नक्कल. जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १५ जुलै १९८३ रोजी 'फॅमिली कॉम्प्युटर' ऊर्फ 'फॅमिकॉम' नावाचे यंत्र बाजारात आणले. १९८५ पासून तेच यंत्र वेगळ्या रूपात अमेरिकेत 'एनईएस' या नावाने विकले गेले. नव्वदच्या दशकात आपल्याकडे मध्यमवर्गीय घरांतून जे 'टीव्ही गेम' आले, त्यांतले बहुतेक या यंत्राच्या नकला होत्या. त्यामुळे आपल्या आधीच्या पिढीला मारिओ ठाऊक असतो, पण तो कोणी केला हे बहुधा ठाऊक नसते. मामाच्या एका कॅसेटीवर '९९९९ इन १' असे छापलेले आहे. प्रत्यक्षात तिच्यात पाच-पंचवीस खेळच असून तेच नावे बदलून पुन्हा पुन्हा येतात. याही बाबतीत मामाचा अभिमान अढळ आहे, ही गोष्ट वेगळी.

त्या संध्याकाळी घरात दोन मते पडली. मामा म्हणाला, "ती मजा आजच्या खेळांत नाही." सहावीत शिकणारा माझा मामेभाऊ, ज्याचा अंगठा फोनच्या पडद्यावर माझ्या डोळ्यांपेक्षा वेगाने फिरतो, तो म्हणाला, "ताई, याचे ग्राफिक्स किती भंगार आहेत!" मला ही दोन्ही मते तितकीच चुकीची वाटली. का वाटली, ते सांगण्यासाठी हा लेख.

महाविद्यालयाच्या वार्षिकांकात व्हिडिओ गेमवर लेख कशाला, असे काही प्राध्यापकांना वाटेल. त्यांना माझे नम्र उत्तर असे, की वर्गात आपण वर्षभर जो प्रश्न विचारतो तोच मी येथे विचारते आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय झाला आणि तेव्हापासून 'अभिजात' हा शब्द आपल्या कानांवर सतत पडतो आहे. एखादी जुनी कृती आजही 'चालते' असे आपण कशाच्या बळावर म्हणतो? ती जुनी आहे म्हणून? आपल्या बालपणाशी निगडित आहे म्हणून? की आज प्रथमच तिच्याकडे येणाऱ्याला ती काही देऊ शकते म्हणून? माझ्या मते यातली तिसरी कसोटीच खरी. आणि ती लावायला मी योग्य व्यक्ती आहे. कारण माझा जन्म २००५ सालचा. या यंत्राशी माझी एकही आठवण जोडलेली नाही. मामाला ते यंत्र पाहून गहिवरून येते. मला येत नाही.

पहिला प्रयोग सपशेल फसला. मामाने कॅसेट उचलली, तिच्या तोंडात जोरदार फुंकर मारली आणि ती खाचेत दाबली. ही फुंकर म्हणजे त्या पिढीचा एक विधीच होता. वास्तविक फुंकरीने काही साधत नाही. उलट तोंडातल्या ओलाव्याने आतल्या तांब्याच्या पट्ट्या गंजण्याचा धोका असतो. कॅसेट काढून पुन्हा बसवली की पट्ट्या नीट टेकतात आणि खेळ सुरू होतो. श्रेय मात्र फुंकरीला मिळते. असो. खेळ सुरू झाला, पण दिवाणखान्यातल्या मोठ्या एलईडी टीव्हीवर चित्र पसरट आणि धुरकट दिसू लागले. त्याहून वाईट म्हणजे बटण दाबल्यावर मारिओ किंचित उशिरा उडी मारी. तो 'किंचित' सेकंदाच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी असेल. पण खड्ड्याच्या काठावर तेवढाही पुरतो. मामा तीन वेळा खड्ड्यात पडला. बंदुकीचा खेळ तर चाललाच नाही. बदके खुशाल उडून गेली आणि कुत्रा आम्हाला हसला.

मामेभावाने निकाल दिला, "बघ, बंद पडलाय." पण दोष खेळाचा नव्हता. ही यंत्रे काचेच्या फुगीर पडद्याच्या, म्हणजे पिक्चर ट्यूबच्या टीव्हीसाठी घडवलेली होती. 'डक हंट' या १९८४ सालच्या खेळात बंदुकीचा चाप ओढताच पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीच्या नळीतला प्रकाश ओळखणारा भाग तेवढ्यात तो उजेड दिसला की नाही ते पाहतो. म्हणजे बंदूक काही सोडत नाही. ती फक्त बघते. पिक्चर ट्यूबवर हा उजेड ताबडतोब उमटतो. आजचा टीव्ही मात्र आलेले चित्र आधी आपल्या पद्धतीने सुधारतो आणि मग दाखवतो. तोवर बंदुकीची बघण्याची वेळ टळून गेलेली असते.

दुसऱ्या दिवशी ओळखीच्या टीव्ही दुरुस्तीवाल्याच्या दुकानामागे पडलेला एकवीस इंची टीव्ही आम्ही रिक्षात घालून घरी आणला. त्याचे वजन उचलताना मामाच्या कमरेने या प्रयोगाविषयी आपले मत स्पष्ट केले. पण टीव्ही लागला आणि काय सांगू! बदके पडू लागली, उडी वेळेवर येऊ लागली आणि चित्रातले चौकोन एकमेकांत मिसळून गोलाई दिसू लागली. त्या काळच्या चित्रकारांनी ठिपके मांडताना काचेवरचा हा मऊपणा गृहीत धरलेला होता. आपण सपाट पडद्यावर ते धारदार चौकोन बघतो आणि 'जुने म्हणजे ओबडधोबड' असा निष्कर्ष काढतो. मोडी न वाचता येणाऱ्याने जुने दफ्तर पाहून 'अक्षर वाईट आहे' म्हणावे, त्यातला हा प्रकार. म्हणून माझा पहिला मुद्दा असा : जुना खेळ टिकला की नाही, हे ठरवण्याआधी तो आपण नीट वाचतो आहोत ना, हे पाहावे.

आता मूळ खेळाकडे येते. 'सुपर मारिओ ब्रदर्स' हा खेळ १९८५ सालचा. शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांनी तो रचला. संगीत कोजी कोन्दो यांचे. हा सारा खेळ ४० किलोबाइटमध्ये मावतो. आपण फोनवर काढतो त्या एका साध्या छायाचित्रालाही याच्या कितीतरी पट जागा लागते. यंत्राची काम करण्याची स्मृती होती अवघी दोन किलोबाइट. जागा वाचवायची म्हणून आकाशातला ढग आणि जमिनीवरचे झुडूप यांना एकच आकार वापरला आहे. ढगाला पांढरा रंग, झुडपाला हिरवा. एकदा कळले की सतत दिसत राहते. पण कळेपर्यंत कोणाचे काही अडत नाही, आणि कळल्यावर तर हसू येऊन कौतुकच वाटते.

भाऊबीजेला आई आली. आई मामाहून मोठी. हा गेम घरात आला तेव्हा ती बारावीत होती. तिने कधी हा खेळ खेळला असेल असे मी धरूनच चालले होते. "कुठले!" ती म्हणाली. "याचा आणि याच्या मित्रांचा नंबर संपेपर्यंत दिवे लागायचे. मग आजोबा म्हणायचे, आता टीव्ही बंद. मला नुसते संगीत पाठ आहे, स्वयंपाकघरातून ऐकून." आणि खरोखरच तिने ते सूर गुणगुणून दाखवले. मामा जरा ओशाळला. ओवाळून झाल्यावर तो ताटात पाकीट ठेवू लागला, तेव्हा आईने त्याचा हात थांबवला. "या वर्षी ओवाळणी राहू दे. पहिला नंबर माझा."

मला हवा होता तो प्रयोग आता आपोआप घडून आला. सत्तेचाळीस वर्षांची बाई, आयुष्यात जॉयस्टिक हातात धरलेली नाही. मी सर्वांना बजावले, की कोणी एक शब्द सांगायचा नाही. पहिल्या पडद्यावर मारिओ डावीकडे उभा असतो आणि उजवी बाजू मोकळी असते. म्हणून माणूस आपोआप उजवीकडे जातो. समोरून एक लहानसा शत्रू चालत येतो. पहिल्यांदा आई त्याला धडकून मेली. दुसऱ्यांदा तिने बटणे चाचपून उडी मारली, तेव्हा डोके प्रश्नचिन्हाच्या विटेवर आपटले आणि नाणे निघाले. पुढच्या विटेतून अळंबी निघाली, उजवीकडे घरंगळली, पाइपावर आपटून परत फिरली आणि आई टाळायला बघत असतानाच तिच्या अंगावर आली. मारिओ मोठा झाला. "अगंबाई, हे चांगले असते होय!" आई म्हणाली. एकाही शब्दाविना तिला खेळाचे चार नियम कळले होते. सात-आठ वेळा मरून ती पहिल्या निशाणापर्यंत पोचली, तेव्हा सबंध घराने टाळ्या वाजवल्या.

माझ्या फोनवरचा एखादा नवा खेळ सुरू करताना मला जे सोसावे लागते ते आठवून पाहा. बाण येऊन सांगतो, येथे दाबा. दुसरा बाण सांगतो, आता येथे दाबा. मग भेट, मग जाहिरात, मग खाते उघडा. नव्या खेळांत उत्तम रचना नसते असे मी म्हणत नाही, पुष्कळांत असते. परंतु शिकवल्याचे जाणवू न देता शिकवण्याची जी कला त्या पहिल्या पडद्यावर आहे, तिला चाळीस वर्षांनीही गंज लागलेला नाही, हे मी त्या भाऊबीजेला डोळ्यांनी पाहिले.

मामेभावाचा पराभव 'बॅटल सिटी'ने केला. १९८५ सालचा नामको कंपनीचा हा रणगाड्यांचा खेळ. दोघांनी मिळून खालच्या गरुडाचे रक्षण करायचे, एवढेच कथानक. दिसायला हा मारिओहूनही दरिद्री. पण दोन माणसे एका सतरंजीवर बसून "तू डावीकडे बघ, मी विटा सांभाळतो" असे ओरडू लागली की दारिद्र्य कोणाच्या लक्षात राहते? आपल्याच गोळीने चुकून आपलाच गरुड मारला जातो, आणि मग जे भांडण होते ते कोणत्याही ग्राफिक्सशिवाय रंगते. या खेळात स्वतःचा नकाशा रचण्याची सोयही आहे. ती सापडल्यावर मामेभाऊ जेवायला उठेना. फोन चार्जिंगला लावलेला होता तो रात्रीपर्यंत तसाच राहिला.

येथवर वाचून मी मामाच्या पक्षाला मिळाले असे कोणाला वाटेल, तर तसे नाही. जुन्या खेळांतले पुष्कळसे आज टिकत नाही, आणि ते मोकळेपणाने म्हटले पाहिजे. घरगुती यंत्रांवरचे कितीतरी खेळ मुळात नाणे टाकून खेळायच्या यंत्रांवरून आलेले. तेथे खेळाडू लवकर मरावा आणि त्याने दुसरे नाणे टाकावे, हे धंद्याचे गणित होते. घरी नाणे टाकायचे नसले तरी क्रूरपणा तसाच उतरला. 'घोस्ट्स अँड गॉब्लिन्स' हा खेळ तर एकदा पूर्ण केल्यावर तुम्हाला परत पहिल्यापासून खेळायला लावतो. खरा शेवट दुसऱ्या फेरीनंतर. याला कोणी 'आव्हान' म्हणेल. मी याला थोड्या मालाचे पुष्कळ गिऱ्हाईक करणे म्हणते. 'कॉन्ट्रा'त तीन जिवांवर शेवटापर्यंत जाणारे विरळा. म्हणूनच वर-वर-खाली-खाली या क्रमाने सुरू होणारी ती प्रसिद्ध किल्ली जगभर तोंडपाठ झाली. ती मूळची कोनामी कंपनीच्या काझुहिसा हाशिमोतो यांनी 'ग्रॅडियस'साठी १९८६ साली घातलेली. तिने कॉन्ट्रात तीस जीव मिळतात. मामा त्या तिसांतच लहानाचा मोठा झाला आणि आज 'आमच्या वेळचे खेळ अवघड होते' असे सांगतो!

शिवाय खेळ मध्येच थांबवून दुसऱ्या दिवशी तेथूनच पुढे नेण्याची सोय त्यांतल्या बहुतेकांत नाही. पडद्यावर एका ओळीत आठांहून अधिक हलती चित्रे आली की यंत्राला ती सर्व दाखवता येत नाहीत आणि ती लुकलुकू लागतात. पूर्वीचे लोक यालाच सरावले होते; आपण सरावावे असा आग्रह मी धरणार नाही.

आणखी एक गोष्ट मला अनपेक्षित वाटली. जितके जुने तितके जास्त कालबाह्य, असे आपण धरून चालतो. पण हिशेब तसा सरळ नाही. एका मैत्रिणीच्या घरी मी पहिल्या प्लेस्टेशनवरचे काही खेळ खेळून पाहिले. हे यंत्र १९९४ च्या डिसेंबरात जपानमध्ये निघाले, म्हणजे फॅमिकॉमहून अकरा वर्षांनी धाकटे. त्यावर लांबी-रुंदी-खोली असलेली दुनिया उभी राहिली, ही केवढी क्रांती! पण आज त्या दुनियेतल्या भिंती चालताना थरथरतात, फरशीवरची नक्षी वाकडी होते आणि दृश्य दाखवणारा कॅमेरा नेमका भिंतीच्या मागे जाऊन बसतो. थरथरण्याचे कारण तांत्रिक आहे : आकृत्यांचे कोपरे पडद्यावर मांडताना ते यंत्र अपूर्णांक सोडून देई, आणि नक्षी पसरताना खोलीचा हिशेब धरत नसे. परंतु मूळ कारण मला वेगळेच वाटते. फॅमिकॉमचे उत्तम खेळ त्या वेळी परिपक्व झालेल्या रीतीत रचलेले होते. प्लेस्टेशनच्या पहिल्या खेळांना आपली रीत अजून सापडायची होती. साहित्यातही हेच दिसते. एखाद्या प्रकाराच्या बहरात झालेली कृती टिकते, आणि नव्या प्रकाराच्या पहाटे धडपडत लिहिलेली कृती अभ्यासाला घ्यावी लागते. धडपडीचे मोल कमी नाही. पण ते इतिहासाचे मोल आहे, रसास्वादाचे नव्हे.

ज्यांना अजूनही वाटते की जुन्या खेळांत आता शोधायचे काय उरले, त्यांना एक गोष्ट सांगते. एनईएसवरचा 'टेट्रिस' १९८९ सालचा. त्याच्या एकोणतिसाव्या पातळीवर तुकडे इतक्या वेगाने कोसळतात की बटण दाबून धरले तरी ते कडेपर्यंत पोचत नाहीत. म्हणून कित्येक वर्षे तोच खेळाचा शेवट मानला जाई. पुढे काहींनी बटण धरून न ठेवता विलक्षण वेगाने टिचकवण्याची युक्ती काढली. मग त्याहून पुढची युक्ती निघाली : अंगठा बटणावर नुसता टेकवायचा आणि दुसऱ्या हाताची बोटे यंत्राच्या पाठीवर तबल्यासारखी फिरवायची. अखेर २१ डिसेंबर २०२३ रोजी अमेरिकेतला एक तेरा वर्षांचा मुलगा १५७ व्या पातळीवर पोचला आणि यंत्रच गोठले. माणसाने त्या खेळाला हरवल्याची ही पहिली नोंद. खेळ चौतीस वर्षांचा, आणि त्याला हरवणारा त्याच्या निम्म्याहूनही कमी वयाचा! त्या मुलाला कसली आली आहे बालपणीच्या आठवणींची ओढ?

आता ज्या गोष्टीमुळे मला हे सारे लिहावेसे वाटले तिच्याकडे वळते. टाळेबंदीच्या दिवसांत, मी दहावीत असताना, आम्ही चौघी मैत्रिणी फोनवर एक खेळ खेळायचो. भेटता येत नसे, म्हणून संध्याकाळी तेथे भेटायचो. आम्ही तेथे एक घर बांधले, बाग लावली, खाऊच्या पैशांतून त्या घराला एक निळे दार घेतले. अकरावीच्या वर्षी एक सूचना आली, की अमुक तारखेपासून खेळ बंद होत आहे. त्या तारखेनंतर ते चिन्ह दाबले की फक्त पांढरा पडदा दिसे. आमच्यातली एक मैत्रीण पुढे परगावी गेली. तिच्याबरोबरच्या त्या संध्याकाळींचे आता काहीच उरले नाही, निळे दारसुद्धा नाही. आणि इकडे १९९५ साली आणलेली नकली कॅसेट, माळ्यावर तितकी वर्षे धूळ खाऊन, फुंकर मारताच सुरू होते! यात अन्याय आहे असे तेव्हापासून मला वाटत आले आहे, पण तो नेमका कशात आहे हे त्या दिवाळीत कळले. मामाच्या हातात वस्तू होती. माझ्या हातात केवळ परवानगी होती.

हा एकटीचा अनुभव नव्हे. २७ मार्च २०२३ रोजी निन्टेन्डोने आपल्या '३डीएस' आणि 'वी यू' या यंत्रांसाठीची खेळविक्री बंद केली. केवळ तेथेच मिळणारे खेळ त्या दिवसापासून विकत मिळेनासे झाले. युबिसॉफ्ट कंपनीचा 'द क्रू' हा मोटारींचा खेळ ३१ मार्च २०२४ नंतर चालेनासा झाला; ज्यांच्याकडे त्याची तबकडी होती त्यांचाही. अमेरिकेतल्या 'व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन' या संस्थेने २०२३ साली केलेल्या पाहणीत असे आढळले, की २०१० पूर्वी त्या देशात निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ आज सरळ मार्गाने बाजारात मिळत नाहीत. शंभरांतले सत्त्याऐंशी! ग्रंथसंग्रहालयातली सत्त्याऐंशी टक्के पुस्तके कुलपात आहेत आणि किल्ली हरवली आहे, अशी कल्पना करून पाहा.

वस्तूही अमर नसते, हे मान्य. कॅसेटीत खेळ जपून ठेवणाऱ्या लहानशा बॅटऱ्या संपतात, तबकडी वाचणारे भिंग मंदावते, पिक्चर ट्यूबचे टीव्ही भंगारात जातात आणि ते दुरुस्त करणारे हातही कमी होतात. म्हणून खेळ जपायचा तर तो यंत्रापासून सोडवून नव्या यंत्रावर चालवावा लागतो. अशा नव्या आवृत्त्या काही कंपन्या स्वतः काढतात. त्यांत कोठेही थांबून खेळ जतन करता येतो, चुकल्यास मागे जाता येते. कट्टर मंडळी याला भेसळ म्हणतात. मला ते पटत नाही. सार्थ ज्ञानेश्वरी वाचणाऱ्याला आपण भेसळीचा वाचक म्हणत नाही. अर्थ खाली छापला म्हणून ओवी बिघडत नाही. उलट ज्याला एरवी तिच्याजवळ जाताच आले नसते तो जाऊ शकतो. फक्त मूळ ओवी वर असली पाहिजे, हीच काय ती अट.

आणि नकलेचे काय? मामाच्या पिढीपर्यंत हे खेळ नकलेनेच पोचले. करणाऱ्यांना त्यातून कपर्दिकही मिळाली नसेल. हे योग्य झाले असे मी म्हणणार नाही. पण मिरजेतल्या एका मुलाला दुसरा कोणता मार्ग होता, याचे उत्तरही माझ्याजवळ नाही. जेथे सरळ दार उघडे नसते तेथे लोक खिडकीतून येतात. दोष देताना दाराचीही विचारपूस व्हावी, एवढेच.

फॅमिकॉम ज्यांनी घडवला ते अभियंते मासायुकी उएमुरा निन्टेन्डोतून निवृत्त झाल्यावर क्योटोच्या रित्सुमेइकान विद्यापीठात गेले आणि तेथे त्यांनी खेळांच्या अभ्यासाचे व जतनाचे काम केले. २०२१ साली त्यांचे निधन झाले. ज्याने यंत्र केले त्याला ते जपण्यासाठी शेवटी विद्यापीठात जावेसे वाटले, ही गोष्ट आपण कलाशाखेच्या विद्यार्थ्यांनी मनावर घेण्यासारखी आहे. बाजाराचे लक्ष पुढच्या मालाकडे असते आणि ते स्वाभाविक आहे. मागचे सांभाळणे हे आपले काम. आपल्या ग्रंथालयात हस्तलिखितांसाठी कपाट आहे, जुन्या मासिकांसाठी आहे. त्याच्या शेजारी एक लहानसा कप्पा, एक चालू स्थितीतला पिक्चर ट्यूबचा टीव्ही आणि विद्यार्थ्यांच्या घरच्या माळ्यांवरून आलेली दोन-चार यंत्रे, एवढी मागणी अवास्तव आहे काय? ग्रंथपाल महोदयांनी विचार करावा. टीव्ही उचलायला मी येईन. मामाला बोलावता येणार नाही, त्याची कंबर अजून धरलेली आहे.

जुने ते सोने नव्हे, आणि जुने ते भंगारही नव्हे. कस लावल्याशिवाय दोन्ही म्हणणे व्यर्थ. पण कस लावायला वस्तू तरी हातात उरली पाहिजे. मामाचा गेम आता ट्रंकेत नाही, टीव्हीखालच्या फळीवर आहे. मामेभावाने त्याच्यावर रुमाल घातला आहे. आणि आईचा दर रविवारी फोन असतो, की तिच्या नावावरचा दुसऱ्या पातळीचा नंबर कोणी खाल्ला तर नाही ना.